चादरीचं दुसरं टोक

आई,

तुझ्या पाया पडून लिहायला घेतो. मी बरा आहे. वाफेने बोटं पोळतात, पण फार नाही. बाबांचा खोकला कसा आहे?

इथे धुलाईखान्यात हॉटेलांच्या चादरी येतात. घडी दोघांनी घालायची. टोकं धरून जवळ यायचं, जुळवायची, परत मागे जायचं. माझ्यासमोर तुझ्याच वयाची एक बाई असते. मी तिला मावशी म्हणतो. जवळ आली की ती एक इंग्रजी म्हण सांगते. पुढच्या चादरीला मी अर्थ सांगायचा. सोप्या कामाला ते केकचा तुकडा म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे डाव्या हातचा मळ.

"शी! आधी हात धू, मग चादर धर."

वाफेत सगळं पांढरं होतं, शब्द ढगातून आल्यासारखे येतात. कधी वाटतं, पलीकडे तूच उभी आहेस.

काल ती म्हणाली, "गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही." अर्थ लगेच कळला. बाबा माझ्याबद्दल तेच बोलतात. वर्षातली ही तिसरी नोकरी, आणि चौथीचं मी ठरवून आलो होतो. तुला कळवलं नव्हतं. पुढच्या चादरीला अर्थ न सांगता मी नुसती टोकं जुळवली.

"कधी जाणार?"

"शनिवारी."

"मग सोमवारी हे टोक कोण धरणार?"

आज सकाळी त्या चौथ्या ठिकाणी नाही म्हणून सांगून आलो. बाबांना सांग, पोरगं टिकलंय. किती दिवस, ते मात्र विचारू नका.

पायाला भिंगरी असलेला, तरी तुझाच,
धाकटा