ओठांनी दाखवलेलं घर

आईला आणि हे वाचून दाखवणाऱ्या व्हर्ना मावशीला फिनिक्सहून अर्लिंडाचा नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, पण इथलं मटण म्हणजे नुसती चेष्टा. काळी मेंढी व्यायली का? बाबांचा गुडघा कसा आहे?

कॉलेजातून आम्हाला आता शिकवण्याच्या सरावाला पहिलीच्या वर्गावर पाठवतात. परवा मी मुलांना म्हटलं, "तो ठोकळ्यांचा डबा आणा बरं," आणि सवयीनं ओठ पुढे काढून कपाटाकडे दाखवलं. बोट दाखवायचं नाही, आपल्यात ओठांनीच दाखवतात, हे तूच ना दटावून शिकवलंस! सगळा वर्ग खिदळला. एक जण ओरडला, "बाई कपाटाला पापी देतायत!"

मागे बसलेल्या वर्गशिक्षिका हॅन्सनबाई म्हणाल्या, "अर्लिंडा, हात वापर. असं करून शिक्षिका होता येणार नाही."

वाटलं, पिशवी भरावी आणि सरळ घरी यावं.

तेवढ्यात एक मुलगी उठली. शाळेत आल्यापासून ती कुणाशी बोललेली नाही. हॅन्सनबाई तिला मंदच समजतात. ती नीट कपाटापाशी गेली आणि डबा घेऊन आली.

मी हळूच आपल्या नावाहो भाषेत विचारलं, "घर कुठंय गं तुझं?"

तिनं उत्तरेच्या खिडकीकडे ओठ केले. मग माझ्याकडे बघत राहिली, आता माझी पाळी म्हणून.

मीही तिकडेच ओठ केले.

पिशवी अजून खुंटीवरच आहे, आई. इथं मला आता हॅन्सनबाईंनाही शिकवायचं आहे.

तुझीच,
अर्लिंडा