खालच्या अंगाचा दरवाजा

स्टेट कॉलेज,
४ नोव्हेंबर १९९६

ती. आबांना उपासनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमची तब्येत बरी आहे असं रवीदादा म्हणाला. इथे अमेरिकेत त्याच्याकडे राहायला आलात खरे, पण नोव्हायची थंडी मानवते का? अपर्णावहिनीने दिलेली टोपी घालत जा, शोभेला ठेवू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि वहिनीला मध्ये ठेवून मला हे विचारायचं नाही, म्हणून पत्र.

माझा प्रबंध सातशे वर्षांपूर्वीच्या तुर्की कारागिरांवर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्या कारागिरांवर, ते मी आजवर सांगितलं नाही. सूफी वळणाच्या त्यांच्या मंडळ्या होत्या, त्यांना अही म्हणत. काम शिकून झालं की उस्ताद चेल्याच्या कमरेला पट्टा बांधायचा, मग तो कारागीर. आणि या साऱ्यांचा मूळ पीर, अही एवरान, कातडी कमावणारा होता. पुढे इतर धंद्यांचे उस्तादही त्याच्या गादीकडून पट्टा बांधून घेत. हे वाचलं त्या दिवशी मी लायब्ररीत रडले.

चौथ्या प्रकरणात एका गावाचं दानपत्र वापरलंय. त्यात कातडी कमावणाऱ्यांना नदीच्या खालच्या अंगाला जागा, स्वतंत्र दरवाजा आणि स्वतंत्र विहीर दिलीय. मी लिहिलं, केवढा हा मान. कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, मान होता तर खालच्या अंगाला का? दहा डिसेंबरपर्यंत प्रकरण उभं राहिलं नाही तर असिस्टंटशिप बंद, आणि तिच्याबरोबर व्हिसा. आबा, कातडं कमावताना पाणी कधी, किती लागतं, एवढं कळवा. तुमच्याशिवाय मला कोण सांगणार?

तुमची लेक,
उपासना

नोव्हाय,
९ नोव्हेंबर १९९६

चि. उपासनास आबाचे आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. टोपी घालतो.

तुला परदेशी पाठवलं ते राजेरजवाडे, लढाया, वाटेल ते शिकायला. तू एवढ्या लांब जाऊन कातड्याचा हौदच शोधलास. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. त्या दिवशी हौदातून हात काढला तो काढला. पुढे ट्रेनिंग करून मास्तर झालो, चौतीस वर्षं खडू धरला. तुझ्या आईनेही मरेपर्यंत मला त्याबद्दल विचारलं नाही. तूही विचारू नकोस. विषय बदल.

जेवत जा. नुसत्या ब्रेडवर माणूस तग धरत नाही.

तुझा आबा

स्टेट कॉलेज,
१३ नोव्हेंबर १९९६

ती. आबांना जयभीम. वि. वि.

विषय बदल म्हणता. विषय म्हणजे काय कॅम्पसची बस आहे, ही चुकली की पुढची धरायची? पाच वर्षं घातली, तुर्की शिकले, त्यांची जुनी लिपी शिकले.

राग येतोय आबा, आणि रडूही येतंय. तुम्ही आम्हाला इतकं स्वच्छ वाढवलंत की माझ्याच आजोबांचा धंदा मी इंग्रजी पुस्तकांतून शिकते. घरात कधी चामड्याची चप्पलसुद्धा येऊ दिली नाहीत. रूममेट वीणा म्हणते, काहीतरी जुळवून लिही यार. जुळवून लिहायलाही काही माहीत असावं लागतं. रोज तेच पान उघडते आणि मिटते. परत भारतात जायचं तर जाईन, पण कोणत्या तोंडाने जाऊ तेवढं सांगा. हात जोडते.

तुमची,
उपासना

नोव्हाय,
१९ नोव्हेंबर १९९६

चि. उपासनास आशीर्वाद.

तीन दिवस कागद घेऊन बसलो. लिहितो, एकदाच.

ओलं कातडं येतं ते रक्तामिठाचं. आधी वाहत्या पाण्यात धुवायचं. मग चुन्याच्या हौदात आठ-दहा दिवस. केस सुटले की खरवडायचे, मांस काढायचं, परत नदीत, चुना जाईपर्यंत. मग बाभळीची साल आणि हिरडा. कातड्याचीच पिशवी शिवायची, साल भरून टांगायची, वरून पाणी ओतत राहायचं. प्रत्येक धुण्याला नदी लागते, आणि ते पाणी पुढे कोणी तोंडात घेऊ शकत नाही. म्हणून खालच्या अंगाला. तुझ्या दानपत्रात रांधायच्या जागा, भटारखाने, कुठे आहेत ते बघ. वरच असतील.

बाळ, स्वतंत्र दरवाजा मान म्हणून देत नसतात. दुसऱ्यांच्या दरवाजातून आम्ही जाऊ नये म्हणून देतात. विहिरीचंही तेच. तू वाचलंस बरोबर, समजलीस उलटं. तुला तो वास माहीत नाही ना. तो माझा दोष.

पण एक मला कळेना. वास त्यांच्याही अंगाला यायचाच. लांब ठेवलं, आणि तरी बाकीचे त्यांच्याकडून पट्टा बांधून घ्यायला यायचे? आपल्याकडे लांब ठेवलं ते ठेवलंच. तिथे हे कसं घडलं ते शोध. तुझं प्रकरण तिथे आहे असं मला वाटतं.

माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. रवीला इथे चार लोकांत राहायचंय.

तुझा आबा

स्टेट कॉलेज,
३० नोव्हेंबर १९९६

ती. आबांना जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि जुनं प्रकरण फाडलं. भटारखाने वरच निघाले. आठ दिवसांत नवं लिहिलं. गाइड म्हणाले, पाच वर्षांत पहिल्यांदा यात जीव आहे. मी खुशीत बोलून गेले की हे मला एका माणसाने सांगितलं. तिथेच फसले. आता त्या माणसाचं नाव, गाव, धंदा फूटनोटमध्ये हवा. निनावी माणसाच्या शब्दावर कमिटी प्रकरण मान्य करणार नाही.

मी नाव द्यायला नाही म्हणून सांगितलं. ती पानं काढून टाकते. मग उरतं काय, ते तुम्हाला सांगायला नको. सामान आवरायला घेतलंय, पुस्तकं बोटीने पाठवीन. तुमच्यावर राग नाही, तसं मनातही आणू नका.

तुमची,
उपासना

नोव्हाय,
४ डिसेंबर १९९६

चि. उपासनास अनेक आशीर्वाद, जयभीम.

सामान राहू दे. नाव घाल.

रवीला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, आबा, इथे कोणाला काही माहीत नाही, कशाला उकरायचं? दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. मलाही भीती वाटते, खोटं कशाला सांगू. शनिवारी त्याचे मित्र जेवायला येतील तेव्हा कुठे बघायचं ते मला कळत नाही. तरी घाल.

मास्तर लिहू नकोस. रामभाऊ, कातडी कमावणारे, एवढंच. आणि माझ्या आधी माझ्या वडिलांचं नाव घाल, एकनाथ. हे सगळं मला त्यांनी शिकवलं. मी ट्रेनिंग कॉलेजात असताना ते एकदा भेटायला आले होते, हात कोपरापर्यंत सालीने तांबडे. पोरांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, आमच्या गावाकडचा माणूस आहे. त्यांनी ते ऐकलं. मग भाकरीचं गाठोडं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, गुरुजी, हे तुमच्या वडिलांनी दिलंय.

लोभ असू दे, त्यांच्यावरही.

तुझा आबा