देवघराशेजारची ढाल

२३ सप्टें., मंगळ., नांदेड
सकाळपासून तोच मेल वाचायलोय. पापुआ न्यू गिनीतून, पीटर म्हणून कुणी. थोरले भाऊ, आमचे अण्णा, तिकडं डोंगरातल्या शाळेत गणित शिकवायचे, तेव्हाचा हा त्यांचा विद्यार्थी. आता स्वतःच मास्तर. मी इंटरनेटवर टाकलेले माझ्या संग्रहातल्या ढालींचे फोटो त्यानं बघितले म्हणे. विचारतो, माझ्या वडिलांनी सरांना निरोपाच्या वेळी दिलेली ढाल तुमच्याकडं आहे का? ती त्याच्या काकाची. लढाईत काका तिच्यामागंच पडला. बाणाचं हाडाचं टोक वर डाव्या अंगाला मोडून आतच राहिलंय. असेल तर घरच्यांना परत हवी आहे.
माझ्याकडच्या सगळ्या पालथ्या घातल्या. टोक कशातच नाही. राहिली लातूरची, वहिनींकडची.
उभा जन्म या ढालींपायी घालवला. कुठली, कुणाची, म्हणून दुनियेला पत्रं लिहिली, कुणी धड उत्तर दिलं नाही. आता उत्तर आपल्या पायानं चालत आलं, तर नको वाटायलंय.

२५ सप्टें.
गुडघा लई दुखतोय. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेत, पाऊस काही हटत नाही. ही म्हणते, लातूरला जायचं तर जा एकदाचे, घरात येरझाऱ्या घालून माझं डोकं खाऊ नका.
जुने फोटो काढून बसलो. लातूरची ती ढाल उंच, म्हणून मी तिकडच्याच वाघी नदीच्या खोऱ्यातली धरून चाललो होतो. अण्णांना विचारलं की हसायचे, "तिकडचीच आहे रे." आज नीट बघितलं. वरची कड मधे खोलगट, मागं वेताची दोरी, खांद्याला अडकवायला. म्हणजे दोन्ही हात धनुष्याला मोकळे. हे त्याच डोंगरातल्या मेंडी गावाकडचं काम. पीटर पण मेंडीचा. झालं.

२७ सप्टें., शनि., लातूर
बसनं कंबरेचा भुगा केला. वहिनींनी धपाटे करून ठेवले होते. अण्णांच्या मागं एकट्याच असतात. ढाल देवघराला लागून उभी, तिच्या पायाशी अण्णांचा फोटो. दर खंडेनवमीला तेल, हळद, कुंकू, वर विभूती. लाल-काळे त्रिकोण त्या थराखाली कुठं आहेत ते देवालाच ठाऊक. ढाली ओळखणाऱ्यानं ऊर बडवून घ्यावा.
वहिनी नळाला गेल्या तसं बोट फिरवलं. वर, डाव्या अंगाला. कुंकवाखाली टणक काहीतरी नखाला लागलं. हात मागं घेतला.
 वहिनींना कसं सांगणार? दिवसभर त्या ढालीशीच बोलतात, दूधवाला आला नाही, भाजी महागली. ती नेली तर या घरात ऐकायला कोण?

२८ सप्टें.
सांगून टाकलं. पोटात ठेवून झोप येईना. मेल मराठीत करून वाचून दाखवला. वाटलं आता रडतील, नाहीतर मला बाहेरची वाट दाखवतील. शेंगा फोडत बसल्या होत्या, हात थांबला नाही.
"ते टोक व्हय. ठाऊक हाय मला. हितं मानूस गेलाय, असं यांनी सांगितलं हुतं. खंडेनवमीला पैलं बोट मी तिथंच लावते."
 मला वाटायचं बाई हत्यार म्हणून पुजते, लोक विळा, कात्री, शिलाई मशीन पुजतात तशी. एवढी वर्षं त्या एका परक्या मेलेल्या माणसाला कुंकू लावत होत्या. आणि अण्णांनी मला, सख्ख्या भावाला, एका शब्दानं सांगितलं नाही. राग आला. आता काढू कुणावर?
शेंगा संपल्यावर म्हणाल्या,
"भावजी, त्या गेलेल्या मानसाची बायको हाय का वं अजून?"
पीटरला मेलनं सगळं कळवलं, आणि तेवढं विचारलं.

३० सप्टें.
उत्तर नाही. डोंगरात लाईट नसेल. वहिनी येता-जाता माझ्या मोबाईलकडं बघतात. नांदेडहून हिचा फोन, मुक्काम ठोकला का तिकडंच? काय सांगू. 

१ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी उत्तर आलं. पीटरची काकू आहे. पार म्हातारी, डोळ्यांनी दिसत नाही. पीटरनं तिला सगळं वाचून दाखवलं. ढाल कधी येणार, हे तिनं विचारलं नाही म्हणे. एवढंच विचारलं, तिथं त्या ढालीकडं कोण बघतं?
वहिनी तेलाची वाटी घेऊन ढालीपुढं बसल्या होत्या. ऐकून वाटी खाली ठेवली. मग पदरानं तोंड पुसलं.
"लिवा, मी बघते. आन् लिवा, माझेबी गेले."
तसंच लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.
ढाल द्यायची का, ते मी विचारलं नाही.  विळी, खलबत्ता, सगळ्याची पूजा झाली. दुपार टळली, वहिनींनी ढालीला अजून कुंकवाचं बोट लावलेलं नाही; पहिलं बोट आता त्या काकूचं धरलं असावं.