बिनसायीचं बीटाचं सूप

दि. ३ फेब्रुवारी

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. इकडे हे दवाखान्यातून घरी आल्यापासून यांची तब्येत घसरलेली नाही, ही देवाचीच कृपा; पण चढावरही नाही. डॉक्टरांनी लोणी, साय, चरबी सगळं बंद केलं आहे. आणि तुमच्या भावाला जेवायला हवं काय, तर सासूबाईंचं बीटाचं सूप! त्यात चरबीची हाडं, लोण्यात लाल केलेला कांदा आणि वरून वाटीभर साय. म्हणजे जे जे बंद, ते ते सगळं एका भांड्यात.

मी देवाचं नाव घेऊन हलकं सूप करायला घेतलं. हाडांऐवजी बटाटा आणि घेवड्याचे दाणे, कांदा नुसता झाकणाखाली पाण्यात मऊ केलेला, सायीऐवजी फडक्यात टांगलेलं बिनसायीचं दही. पहिल्यांदा दही फाटलं. दुसऱ्यांदा व्हिनेगर आधी घातलं, तर बटाटे दगडासारखे राहिले. तिसऱ्यांदा व्हिनेगर विसरले, तर रंग विटकरी झाला. चौथ्यांदा मात्र चांगलं साधलं. मी चाखून पाहिलं, शेजारणीने दोनदा मागून घेतलं. यांनी एक चमचा तोंडात घातला आणि फार आंबट म्हणून वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच पातेल्यातलं गरम करून दिलं, तर म्हणाले अळणी आहे, आंबटाचा पत्ता नाही. मग कालचा आंबटपणा काय मांजराने चाटून नेला?

कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी नवरा असला की घरच्या बाईचं कौतुक कधी होत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकले. पण निदान पोटात तरी जायला हवं ना! यांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. पुढच्या एक तारखेला कामावर रुजू व्हायचं आहे, आणि जिना चढताना मधल्या वळणावर बसतात. गेल्या महिन्यात बीटाचा खर्च दुधाच्या वर गेला. मी प्रार्थनेला बसले तरी डोळ्यांपुढे बीटच येतं. सासूबाई आणखी काही घालत होत्या का, ते कळवा.

लोभ आहेच, तो या चिडचिडीनं आटू नये.
तुमची वहिनी

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस अ. आ. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि रागही. आईच्या सुपातली हाडं काढलीस, लोणी काढलंस, साय काढलीस; आता उरलं ते बीटाच्या आंघोळीचं पाणी. ते आमच्या बाळ्याने का प्यावं? पन्नाशीचा झाला तरी बाळ्याच तो, अन्नावरचं त्याचं रुसणं मला ठाऊक आहे. लहानपणी शेजारच्या आळीत खेळत असायचा आणि सूप चुलीवरून उतरायच्या आत वासाने घरात हजर व्हायचा.

आई वेगळं काही घालत नव्हती. घालायची ते सढळ हाताने, आणि तुझा हात कसा आहे ते मी सांगायला नको. माझं ऐक. एकदाच, अगदी आईसारखं कर. अर्धी वाटीच दे. तेवढ्याने काही होत नाही. चव जिभेवर आली की भूक आपोआप येईल. डॉक्टरांना सांगायला मी येते.

माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे दुखतात पण चालवतात. रागावू नकोस, आणि रागावलीस तर लिहून रागाव.
तुझी वन्सं

दि. १४ फेब्रुवारी

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

लिहूनच रागावते.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. हाडं रात्रभर मंद आचेवर ठेवली. लोणी घातलं. साय घातली. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरचा शिंपी विचारायला आला, आज घरात काय आहे. मी चमचाभर चाखलं आणि सासूबाई समोर उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. अर्धी वाटी घेऊन यांच्यापुढे ठेवली, काही सांगितलं नाही.

तर म्हणाले, पुन्हा तेच तुझं पाणचट! दही बदललंस वाटतं.

वन्सं, मला इतका संताप आला की वाटी उचलून नेली. महिनाभर मी वेड्यासारखी किसते आहे, गाळते आहे, हात कोपरापर्यंत लाल झाले आहेत. आणि आता सायीला दही म्हणतात! म्हणजे सूप कसंही केलं तरी नावं ठेवायचीच, असा नेमच केला आहे यांनी. उरलेलं सगळं शिंप्याकडे दिलं. यापुढे भात आणि वरणाचं वरचं पाणी देणार आहे. खातील तर खातील.

तुमच्यावर राग नाही. आहे थोडा.
तुमची वहिनी

दि. १८ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

घाईत लिहिते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वहिनी, बाळ्या रुसेल, भांडेल, पण आईचं सूप ओळखणार नाही, हे होणं नाही. शिंप्याला खाली वास आला आणि हा समोर बसून सायीला दही म्हणतो? तो नावं ठेवत नाहीये. त्याला कळतच नाहीये. आणि कँटीनच्या आचाऱ्याने हे कुणाला सांगायचं? भांडू नकोस. जवळ बसून विचार.
तुझी वन्सं

दि. २३ फेब्रुवारी

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

विचारलं. आधी माझ्यावरच ओरडले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले की दवाखान्यातून आल्यापासून ना वास येतो, ना चव. मीठ आणि माती एकच. रोज अंदाजाने काहीतरी दोष काढत होते, कारण दोष काढला नाही तर मला संशय येईल अशी भीती. आणि मी काय, यांच्या नावं ठेवण्याला इतकी सरावलेली, की मला ते जुनंच दुखणं वाटलं! नोकरी जाईल म्हणून डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. काल मीच ओढत नेलं. येईल म्हणतात चव, कधी ते सांगता येत नाही.

आज पुन्हा हलकंच सूप केलं. हे स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, तू चाख आणि मला सांग. आता आंबट कसं लागतं हे मी मॅट्रिक झालेली बाई काय सांगणार! म्हटलं, आधी आंबट येतं, गोड मागून येतं, आणि शेवटी घशाशी थोडं मातकट राहतं. लगेच म्हणाले, बीट कच्चं आहे, झाकण ठेवून आणखी उकळ. उकळलं. मातकटपणा गेला. मग म्हणाले, व्हिनेगर आच बंद करून घाल. घातलं. आंबट आता बेताचं झालं, असं मी सांगितल्यावर यांनी समाधानाने मान डोलावली.

कँटीनमध्ये मदतनिसाला चाखायला लावून काम करता येईल का, हे साहेबांना उद्या स्वतःच विचारणार आहेत. काय उत्तर येईल देव जाणे.

वाटी संपवली. लोणी-साय नसल्याची कुरकुर नाही. ती चव मला पाठ आहे, म्हणाले, तू फक्त बाकीचं सांग. पण वन्सं, प्रत्येक घासाला विचारतात, आता कसं लागतंय? एकाच सुपाचं किती वर्णन करायचं माणसाने! सांगता सांगता माझी वाटी गार झाली, वरच्या दह्याला पाणी सुटलं. मी वैतागले, पण सांगत राहिले.

गुडघे सांभाळून लवकर या. एक दिवस तरी तुम्ही सांगा आणि मला गरम जेवू द्या.
तुमची वहिनी