ह्यांच्यासारखी घरघर

बाबा, आज घाणीबद्दल लिहायचं आहे. नवऱ्यासमोर हा विषय काढला की तो ताट बाजूला सारतो, आणि आईसमोर काढायची माझी हिंमत नाही. तुम्ही जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात बॉयलरवर काम केलंत. नखांतलं ग्रीस कितीही घासलं तरी निघायचं नाही, आणि तसेच तुम्ही जेवायला बसायचात. मला किळस यायची आणि मी ती लपवतही नसे. तुमचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला हवा, हा हट्ट माझाच होता. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. किळस खरी कशाची यावी हे मला त्यानंतर बऱ्याच उशिरा, २०१७च्या हिवाळ्यात कळलं.

तुमच्यानंतर आईला मी इकडे आणलं. हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरातलं आमचं घर तेव्हा नवंच होतं आणि त्यात सेंट्रल हीटिंग आहे याचा मला भारी तोरा होता. गॅरेजमधल्या यंत्रातून गरम हवा निघते, छताच्या पोकळीतल्या हातभर जाड, लवचीक नळ्यांतून फिरते आणि प्रत्येक खोलीच्या छतातल्या जाळीतून खाली येते. पुण्याहून कुणाचा फोन आला की मी हे सगळं रंगवून सांगायचे. आईला मात्र त्या हवेत गुदमरायचं. आम्ही दोघं कामाला बाहेर पडलो की ती तापमान सोळावर आणायची, दुपारी आपल्या खोलीत जाळीखाली चटई टाकून पडायची आणि आम्ही यायच्या आत पुन्हा बावीस करून ठेवायची. हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मी लेक्चर दिलं असतं.

जूनमध्ये, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत, तिला खोकला लागला. त्याच सुमारास एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "छतातून घरघर येते गं. अगदी ह्यांच्यासारखी."

माझ्या हातातला तवा तसाच राहिला. तुमच्या शेवटच्या दोन रात्री ती एकटी तुमच्या उशाशी बसून होती, मी विमानात होते, हे मला ठाऊक आहे. पण मी विचारलं काय, तर "कधी येते?" माझं कामच ते. ऑकलंडच्या एका कंपनीसाठी घरून आणि हॅमिल्टनच्या ऑफिसातून मी सॉफ्टवेअर तपासते. कुणी तक्रार केली की तीच चूक पुन्हा घडवून बघायची, आणि घडली नाही तर 'रिप्रोड्यूस होत नाही' असं लिहून तक्रार बंद करायची. शनिवारी मी हीटिंग चोविसावर नेलं, पंखा पूर्ण वेगात घोंघावू लागला, आणि मी खोल्याखोल्यांतून मान वर करून फिरले. घरघर नव्हती. पुढच्या शनिवारीही नव्हती. "आई, काही नाहीये गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "बरं."

तुम्ही असतात तर काय केलं असतंत हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त चीड येते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा तुमचा डबा द्यायला कारखान्यात आले होते. झाडू मारणाऱ्या बाई सांगत होत्या, पंपाच्या मागे काहीतरी कण्हतंय. फोरमन हसला, मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. "तुम्ही कुठं उभ्या होतात तेव्हा?" एवढंच विचारलंत आणि नेमके तिथेच जाऊन उभे राहिलात, डोळे मिटून, बराच वेळ. पंपाचं बेअरिंग गेलेलं निघालं. परतताना गेटपाशी तुम्ही मला म्हणालात, "त्या बाईंनी शब्द बरोबर वापरला होता. तू हसलीस ते चूक." चारचौघांत ओरडला असतात तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आणि तीच मी, बाबा, आईला डॉक्टरकडे घेऊन गेले. खोकल्यासाठी म्हणून नेलं आणि खोकल्याचं उरकल्यावर इंग्रजीत हळूच सांगितलं, हिला छतातून माझ्या वारलेल्या वडिलांचा श्वास ऐकू येतो. आई शेजारीच पर्स मांडीवर धरून बसली होती. 'सारखी' हा शब्द मी गाळला. मुद्दाम नव्हे, भाषांतर करताना गळला, पण गळला तो माझ्याच तोंडून. डॉक्टरांनी भराभर टाइप केलं आणि स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी नर्स घरी पाठवायचं ठरलं. त्याच आठवड्यात मी पुण्यातल्या दोन वृद्धाश्रमांचे फोटो बघून ठेवले. नवऱ्याला म्हटलं, निदान तिथे तिच्याशी मराठीत बोलायला माणसं असतील. हे वाक्य अजून आठवलं तरी तोंड कडू होतं.

नर्स आली तो जुलैतला मंगळवार होता, दुपारची वेळ. आईच्या खोलीतच बसलो. आईनं सवयीनं सकाळीच सोळा करून ठेवलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. नर्स विचारत होती, मी मराठीत सांगत होते. सध्या ऋतू कुठला?

आई म्हणाली, "इकडचा की तिकडचा? इकडे थंडी. तिकडे आषाढ लागला असेल."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि छतातून सुरू झालं. आधी ओलसर खरखर, मग लांब ओढलेला श्वास, मग मध्येच थांबणं, आणि पुन्हा खरखर. नर्सनं पेन खाली ठेवलं आणि वर पाहिलं. "इज दॅट युअर हीटिंग?" ती म्हणाली. "साउंड्स लाइक समवन डाइंग."

आईनं वर पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. नर्स गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी हे आहेत असं कधी म्हटलं? ह्यांच्यासारखी म्हटलं होतं. ह्यांना काय छतात राहायला जागा दिलीय का मी?" आणि चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी हीटिंगवाला आला. "कीया ओरा" असा माओरी नमस्कार करत बूट काढून आत आला, शिडीवरून आईच्या खोलीतली जाळी काढली आणि लगेच तोंड फिरवलं. वास खाली यायला थोडा वेळ लागला. नळी उंदरांनी आतून कुरतडली होती, तिचं सुटलेलं अस्तर जिभेसारखं लोंबत होतं. पंखा जोरात असला की ते नळीच्या आतल्या बाजूला चिकटून गप्प बसायचं, हळू असला की, म्हणजे आई सोळा करायची तेव्हा, फडफडायचं. त्याच्या मागे लिंड्यांचा थर, मुतानं पिवळा पडलेला कापूस, आणि तीन मेलेले उंदीर, त्यातला एक इतका चपटा की शेपटीवरून ओळखायचा. "हीप्स ऑफ देम अप देअर," तो म्हणाला आणि मला फोनवर फोटो दाखवले. मी बेसिनपर्यंत पोचले नाही. जून-जुलै आई या सगळ्यावरून आलेली हवा खाली झोपून आत घेत होती, आणि मी तिच्या डोक्याची तपासणी करवत होते. मला उंदरांची किळस आली, पण ती दोन दिवसांत ओसरली. त्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसून गोड आवाजात इंग्रजी बोलणाऱ्या बाईची अजून येते.

आईचा खोकला नळ्या बदलल्यावर पंधरा दिवसांत गेला. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे, तुला कुठं माहीत होता तो आवाज." तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. म्हणूनच टोचलं.

आता सांगायचं एकच राहिलं. नळ्या बदलायला माणूस शनिवारी येणार होता. तोवर हीटिंग अजिबात लावायचं नाही, हवा विषारी आहे, असं हीटिंगवाल्यानं दोनदा बजावलं होतं. शुक्रवारी नवरा आईला घेऊन ऑकलंडच्या सँडरिंगहॅमला आपल्याकडचं वाणसामान आणायला गेला, घरी मी एकटी. मी तापमान सोळावर नेलं, आईच्या खोलीत गेले, तिची चटई अंथरली आणि ती झोपते तिथेच झोपले. वास होता. नाकाला पदर लावावा म्हटलं तर अंगावर साडी नव्हती, आणि टी-शर्ट वर ओढला तर कानांवर यायचा, म्हणून तसंच राहू दिलं. गाडीचा आवाज येईपर्यंत मी ती घरघर ऐकत होते, बाबा. उठून बंद करावंसं मला एकदाही वाटलं नाही.