राजवीरच्या मांडीचा तुकडा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ फेब्रुवारी २०२४

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे. राजवीर बरा नाही. काल तालमीत तो जमिनीवरून उठू शकला नाही आणि तू बाप असून चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारलीस, म्हणून लिहिते आहे. फोनवर तू मध्ये बोलतोस.

पोरगा अंग चोरत नाही. त्याचे स्नायू मरत आहेत.

तीस वर्षं मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या रंगवल्या. मांडीचा तुकडा आडवा कापला की स्नायूच्या पेशी उसाच्या मोळीच्या कापल्या टोकासारख्या दिसतात. एकमेकींना खेटलेल्या, साधारण सारख्या जाडीच्या, केंद्रकं कडेला. उभा कापला तर गडद-फिकट पट्टे. त्या पट्ट्यांतले धागे एकमेकांत सरकतात तेव्हा माणूस बैठक मारतो. जोर लावला की पेशीचं आवरण कुठं कुठं फाटतं. तुझंही फाटायचं. ते लगेच सांधलं जातं.

राजवीरचं सांधलं जात नाही. त्याच्या पट्टीवर काही पेशी फुगलेल्या आहेत, काही वाळलेल्या. केंद्रकं मधोमध सरकली आहेत आणि मोकळ्या जागेत चरबी भरली आहे. तू त्याला रोज पाचशे बैठका सांगितल्यास. त्यानं मारल्या.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. तू मामाची मुलगी केलीस. ते लग्न मी जुळवलं, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या बाईनं. आई म्हणाली, "घरातली पोर घरात," आणि मी मान डोलावली.

आता स्वप्नालीचं. तुझ्या मुलीला मी सून करून घेणार नाही. लहानपणापासून ठरलेलं होतं, हे मला माहीत आहे. तो दोष माझ्याकडून माझ्या उदयसिंहमध्येही आला असेल. त्याची सुपारी रविवारी फुटली. मुलगी जतची आहे, नात्यातली नाही. अनुजा, पोरीची आई म्हणून, मला शिव्या देईल. देऊ दे.

जूनमध्ये राजवीरच्या मांडीचा तुकडा मीच तपासायला लावला आणि तुला 'अशक्तपणा आहे' म्हणून सांगितलं. तुझ्या तालमीतले गुंडू वस्ताद तेव्हा दारात उभे होते. म्हणाले, "आक्का, पोराच्या टाचा उचलत न्हाईत. कायतरी येगळं हाय बगा." मी म्हणाले, "मग बैठका वाढवा की." रिपोर्ट तेव्हा माझ्या पर्समध्ये होता.

घराण्यात असला रोग आहे हे कळलं असतं, तर उदयसिंहला कुणी मुलगी दिली नसती. मुलगी मिळायला आठ महिने लागले.

यावर औषध नाही. आखाडा आजच बंद कर. माफी मागत नाही. मागितली तर मोठी बहीण म्हणून तू देशील.

आक्का

आज गुंडू वस्तादांच्या हाती तुझ्याकडे गडमुडशिंगीला दिलं: तपासणीचा मूळ कागद एक, तारीख २१ जून. काचपट्ट्या दोन. चालायची काठी एक, राजवीरच्या उंचीची, जुलैत घेतलेली.