पुढे गेलेले पाद्रीबुवा

ती. सौ. ताईस,

तुझा हात पोचणार नाही इतक्या अंतरावरून धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला आणि त्यावरची त्यांची मतं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. (हे नेहमीच्या सवयीनं लिहिलेलं नाही, तेव्हा सावकाश वाच.)

तुला माहीतच आहे, मी छापखान्यात प्रुफं तपासतो आणि एक म्हातारे पाद्रीबुवा जुन्या इंग्रजीतली स्तोत्रं मराठीत करून आमच्याकडे छापायला देतात. परवा त्यात ओळ आली, की देवाची दया माझ्या आधी जाऊन पोचेल. मूळ पाहिलं तर तिथे 'प्रिव्हेंट'. आता प्रिव्हेंट म्हणजे अडवणं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी लाल शाईनं 'मला अडवील' असं केलं आणि बुवांच्या खोलीवर गेलो. ते म्हणाले, पूर्वी या शब्दाचा अर्थ नुसता 'पुढे जाणं' असा होता, अडवणं मागाहून चिकटलं. मी म्हटलं, चिकटलं ते चिकटलं, आता सोडवणार कोण? (माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, लहानपणी तूच तो पाठीवर मोजला आहेस.) दुपार गेली, चहा गार झाला. शेवटी बुवा हसून म्हणाले, "बरं, कधीतरी पुढे जाऊन दाखवीन."

सोमवारी सकाळी प्रुफं घेऊन पुन्हा गेलो. त्यांच्या घरमालकीणबाई खाली कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, बुवा आत्ताच छत्री घेऊन उतरले, तुमच्या छापखान्यातच गेले. छापखान्यात आलो तर फोरमन म्हणाला, आत्ताच येऊन गेले, तुमची लाल शाई खोडली आणि तुमच्या घराकडे वळले. माझं टाळकं सटकलं. एका शब्दासाठी माणसानं या वयात इतकं धावावं? मीही तसाच घराकडे धावलो. (एका शब्दासाठीच.)

घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि तुझी भावजय छकुलीला कडेवर घेऊन समोरच्या पायरीवर, पांढरीफटक. सर्दीनं तिचं नाक बंद, त्यामुळे तिला वास कळलाच नव्हता. काडी ओढणार तोच बुवा दारात उभे. "काडी खाली ठेव, पोरी. खिडक्या उघड आणि बाहेर ये." गॅसची नळी चिरली होती. पाणीसुद्धा न घेता ते निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "तो येतोय मागून. मी जरा पुढे आलो."

पाय धरायला म्हणून मी धावत त्यांच्याकडे गेलो, तर जिन्यात गर्दी. दिवसाउजेडी वर दिवा जळताना दिसला म्हणून मालकीणबाईंनी हाका मारल्या होत्या. कडी आतून. दार फोडलं, तर बुवा अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, रात्रीच झोपेत गेलेत. छत्री खुंटीला होती. बाई एकच घोकत होत्या, की मी त्यांना या डोळ्यांनी उतरताना पाहिलंय.

ओळ त्यांच्याच शब्दांत छापली. पण ताई, पुढे गेले हे कबूल, तरी अडवलंसुद्धा ना? म्हणजे मीही थोडा बरोबर होतो. हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. मोठ्यानं बोलायची भीती वाटते.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
अडेलतट्टू

ता. क. तुझी भावजय त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नाही. शनिवारी आम्ही तिघं तुझ्याकडे राहायला येतोय. किती दिवस ते विचारू नकोस.

आणखी ता. क. आमच्या आधी छत्री घेतलेले, पांढऱ्या दाढीचे कुणी गृहस्थ आले, तर भावोजींना वाद घालू देऊ नकोस. ते सांगतील ते मुकाट्यानं करा.